समेवर हात आवरा: सोल, रेगे आणि हिप-हॉपचा पहिला सोलो अल्बम करताना या चुका टाळा

पहिला सोलो अल्बम, आणि त्यात सोलही, रेगेही, हिप-हॉपही. एवढं कळलं की डेमो ऐकायच्या आधीच निम्म्या चुका सांगता येतात, कारण त्या दर वेळी त्याच असतात. समेवर किक (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका) ठोकलेली असते. बेस आणि ८०८ (ड्रम मशीनच्या किकचा खोल, घुमत राहणारा आवाज) एकमेकांना गिळत असतात. प्रत्येक ओळीच्या शेपटाला डिले, म्हणजे प्रतिध्वनी, लटकवलेला असतो. आणि कोणी काय लिहिलं, कोणी काय वाजवलं, याचा कागद कुणाकडेच नसतो.

मुळात या तीन शैली एकमेकींना परक्या नाहीत. साठच्या दशकात जमैकाच्या किंग्स्टनचे गायक कर्टिस मेफिल्डच्या ‘इम्प्रेशन्स’सारख्या अमेरिकन सोल गटांची तीन आवाजांची हार्मनी ऐकून तयार झाले. १९७० मध्ये तिथल्याच यू-रॉयनं निर्माता ड्यूक रीडच्या ट्रेझर आइल या लेबलच्या जुन्या रॉकस्टेडी (रेगेच्या आधीची जमैकन शैली) ट्रॅकवर तालात बोलून हिट गाणी दिली. किंग्स्टनमध्येच जन्मलेला डीजे कूल हर्क १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये गेला, आणि ११ ऑगस्ट १९७३ च्या त्याच्या पार्टीला लोक हिप-हॉपचा जन्मदिवस मानतात. तेव्हा ‘मी काहीतरी फ्यूजन करतोय’ असा आव आणायचं कारण नाही. ही सगळी नात्यातलीच मंडळी आहेत, आणि नात्यातल्यांसारखीच जागेवरून भांडतात. पहिला ठोका कुणाचा, खालचे स्वर कुणाचे, श्रेय कुणाचं. अल्बम फसतात ते बहुतेक इथे. ‘व्हाइब’ कमी पडून फसलेला अल्बम विरळा.

समेवर किक टाकणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून सविस्तर.

रेगेच्या वन ड्रॉप ठेक्यात सम रिकामी असते. लय १५० ची (मिनिटाला १५० मात्रा) धरून मोजलं, तर किक आणि क्रॉस-स्टिक (काठी आडवी ठेवून ड्रमच्या कडेवर मारलेला कोरडा ठोका) दोन्ही एकदम तिसऱ्या मात्रेवर पडतात आणि गिटारचा स्कँक (कॉर्डचा आखूड, तुटक ठोका) दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर येतो. तेच ७५ ची लय धरून मोजलं, तर ठोका दोन आणि चारवर, आणि स्कँक प्रत्येक मात्रेच्या मधोमध. गाणं तेच, मोजणी दोन. स्टुडिओत निम्मे वाद एवढ्याशा गोष्टीवरून होतात, कारण गिटारवाला एका मोजणीत बोलतो आणि बीट करणारा दुसऱ्या.

आता हिप-हॉपची स्नेअर (काठीनं वाजवायचा, टाळीसारखा ड्रम) कुठे पडते? दोन आणि चारवर. म्हणजे ७५ च्या मोजणीत दोघांचा टाळीचा ठोका एकाच जागी येतो, आणि हे मिश्रण मुळात जमतं ते त्यामुळेच. गोची आहे ती किकची. हिप-हॉपची किक समेवर येते आणि पुढे आडमात्रांवर फिरते. वन ड्रॉपची किक स्नेअरच्या सोबत येते. सोलमध्ये तर समेवर किक आणि बेस दोघंही हजर. नवखा निर्माता यातलं काय निवडतो? काहीच नाही. तिन्ही ठेवतो.

एका पदार्पणाच्या अल्बमच्या शीर्षकगीताचं काय झालं ते पाहा. ७६ ची लय. गायिकेनं नुसत्या गिटारवर केलेला डेमो मस्त डुलत होता. बीट करणाऱ्याला ‘सुरुवातीचा ठोका पोकळ’ वाटला, म्हणून त्यानं समेवर ८०८ ची किक टाकली. ती आल्यावर क्रॉस-स्टिकसोबतची किक दुबळी वाटायला लागली, म्हणून तिच्यावर आणखी एक सॅम्पल (आधी रेकॉर्ड केलेला आवाजाचा तुकडा) चढवला. त्याखाली स्कँक दबला, म्हणून गिटार दोनदा वाजवून डावीकडे-उजवीकडे लावली. मग बेसवाला आला. त्यानं समेवरची किक ऐकली आणि साहजिकच तिच्या जोडीनं वाजवलं. एव्हाना श्वास घ्यायला जागा उरली नव्हती आणि गाणं डुलायच्या ऐवजी कवायत करू लागलं होतं. शेवटी मिक्स करणाऱ्याला निरोप गेला, ‘जरा ग्रूव्ह आण.’ मिक्समध्ये ग्रूव्ह आणता येत नाही. जो वाजलाच नाही, त्याचा आवाज वाढवायचा कसा? त्या माणसानं शहाणपणा केला आणि एकेक ट्रॅक म्यूट करत गेला. समेवरची किक बंद झाली त्या क्षणी डेमो परत आला. पण बेस चुकीच्या किकला धरून वाजवलेला होता, तो पुन्हा वाजवून घ्यावा लागला. दुसरी गिटार आणि किकवरचा सॅम्पल कचऱ्यात गेले. त्यांच्यासाठीचे स्टुडिओचे तास मात्र बिलात राहिले.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. प्रत्येक गाण्याच्या ट्रॅकशीटवर सगळ्यात वर एक ओळ लिहा: सम कुणाची? ध्रुवपद वन ड्रॉपमध्ये असेल तर तिथे समेवर किक नाही म्हणजे नाही. रॅपच्या कडव्याला समेवर आधार हवाच असेल, तर तिथे किक समेवर न्या, स्नेअरसोबतची किक काढा आणि स्कँक पातळ करा. ध्रुवपदाच्या आधीची शेवटची एक-दोन मात्रा पूर्ण मोकळी सोडा, म्हणजे ठेका बदलल्याचं कानाला कळतं. आणि पूर्ण गाणंभर समेवर किक हवी असेल, तर वन ड्रॉपचा हट्ट सोडा. रेगेच्याच रॉकर्स ठेक्यात समेवर किक चालते, स्टेपर्समध्ये तर ती प्रत्येक मात्रेवर असते. हे ठेके यासाठीच आहेत.

तपासायचं कसं? ड्रम आणि बेस सोडून सगळं बंद करा. एवढ्यावर मान हलत नसेल, तर वर कीबोर्ड, ब्रास आणि कोरस चढवून काहीही होणार नाही.

याच चुकीची धाकटी बहीण म्हणजे स्विंग, म्हणजे मधले ठोके थोडे उशिरा टाकून ठेका झुलवणं. एमपीसीच्या (बीट करायचं यंत्र) हिशेबात ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ म्हणजे जवळजवळ ट्रिपलेट (मात्रेचे तीन समान भाग). हाय-हॅट ६५ वर झुलतेय आणि रॅप सरळ सोळाव्या भागांत चाललाय, असं झालं की शब्द हॅटच्या पुढेमागे सांडतात आणि दोष रॅपरला लागतो. दोघांना ५४ ते ५८ च्या आसपास एकत्र आणा, नाहीतर रॅपच ट्रिपलेटमध्ये लिहा. प्रोजेक्ट ७५ वर असेल तर स्विंग सोळाव्या भागांना लावायचा, १५० वर असेल तर आठव्या भागांना. हे उलटं झालं तर स्विंग लावूनही फरक ऐकू येत नाही, आणि मग लोक टक्के वाढवत बसतात. आणि हो, स्कँक शंभर टक्के क्वांटाइझ (संगणकानं ठोके मोजून जागेवर बसवणं) करू नका. ज्यांना माणसानं वाजवलेलं ऐकवत नाही त्यांनी रेगेच्या वाटेला कशाला जावं?

लांबलेला स्कँक

स्कँक म्हणजे कॉर्ड वाजवणं आणि लगेच तिचा आवाज बंद करणं. वरच्या तीन-चार तारा, डाव्या हाताची बोटं ठोक्यानंतर लगेच सैल, पण तारांना टेकलेली. तार घुमत राहिली की ऑर्गनच्या बबलला (दोन हातांनी आळीपाळीनं वाजवलेले तुटक ठोके) जागा उरत नाही. ७५ च्या मोजणीत एका मात्रेचे चार भाग धरा. पहिल्यावर शांतता, दुसऱ्यावर डावा हात, तिसऱ्यावर उजवा (तोच स्कँकचा ठोका), चौथ्यावर पुन्हा डावा. हा बबल ऐकू येण्याइतकाच ठेवा. तो वेगळा जाणवायला लागला की जास्त झाला. गिटारला २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली कापा, तिथं तिचं काही काम नाही.

दोन बेस, एक घर

दुसरी आवडती चूक. रेगेचा बेस गिटारीवरचा, हिप-हॉपचा ८०८, आणि दोन्ही एकाच वेळी सुरू. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१.२ हर्ट्झ, त्यावरची ५५. ८०८ चा सूर बहुधा ४३ ते ५५ च्या दरम्यान. म्हणजे दोघंही त्याच खोलीत. त्यांच्या लाटा उलट पडल्या की एकमेकांना खातात, आणि बेस दुप्पट करूनही गाणं पोकळ वाटतं. इथं अधीर माणूस इक्वलायझरवर ५० हर्ट्झ चढवतो, लिमिटर (आवाजाला कमाल मर्यादेवर रोखणारं साधन) गुदमरतो आणि गायिकेचा आवाज मागं जातो.

आधी ठरवा की या गाण्यात ६० हर्ट्झच्या खाली कोण राहणार. सोपी वाटणी अशी: कडव्यात ८०८, ध्रुवपदात बेस गिटार, आणि दोघांची अदलाबदल मोकळ्या मात्रेवर. दोन्ही एकत्र हवेतच असतील तर बेस गिटार ९०-१०० हर्ट्झच्या खाली कापा, तिला सुरावट सांगू द्या आणि खालचं वजन ८०८ ला द्या. मग मिक्स मोनोमध्ये ऐका, एका ट्रॅकची पोलॅरिटी (लाटेची दिशा) उलटी करून पाहा, आणि ज्या स्थितीत खालचा आवाज भरीव वाटतो ती ठेवा. ८०८ गाण्याच्या पट्टीत लावलाय का, हेही बघा. किकसारखा वाटतो म्हणून त्याला सूर नसतो असं समजणारे पुष्कळ आहेत.

रेगेची किक आखूड हवी, तिच्यात बेससारखी शेपटी नको. ड्रमच्या आत घोंगडी किंवा उशी कोंबायची आणि किकचं वजन ८०-१०० हर्ट्झच्या भागात ठेवायचं. बेस गिटारला फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेढ्याच्या) तारा, टोनचा नॉब जवळजवळ पूर्ण खाली, ब्रिजजवळ तारांखाली फोमचा तुकडा, आणि बोटं फ्रेटबोर्डच्या टोकाजवळ. हा आवाज प्लगइननं आणायचा प्रयत्न करण्यापेक्षा फोमचा तुकडा लवकर सापडतो.

मोबाइलच्या स्पीकरवर बेस गायब होतो अशी तक्रार आली की लोक आवाज वाढवतात. त्या स्पीकरला ५५ हर्ट्झ वाजवताच येत नाही, मग वाढवून काय होणार? हलकं सॅच्युरेशन लावा. त्यानं ११० आणि १६५ वर जे ओव्हरटोन तयार होतात, त्यांवरून कान मूळ सूर ओळखतो. ३० हर्ट्झच्या खाली मात्र सरसकट कापा.

प्रत्येक शब्दावर डिले

डब, म्हणजे रेगेचा ट्रॅक उलगडून प्रतिध्वनी आणि शांततेनं नव्यानं रचणं, ही मिक्सिंग डेस्कवर वाजवायची गोष्ट आहे. डबचा जमैकन उस्ताद किंग टबी पेशानं इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ होता, आणि त्याची जादू होती ती फेडर, म्यूट आणि फिल्टर हातानं चालवण्यात. आवाजाच्या ट्रॅकवर डिले कायमचा चिकटवून ठेवला की डब होत नाही, नुसता गोंगाट होतो.

डिले वेगळ्या सेंडवर (हवा तेव्हाच आवाज पाठवता येईल अशा वाटेवर) ठेवा. ओळीचा फक्त शेवटचा शब्द तिकडे ढकला, तोही दर ओळीला नाही. फीडबॅक (प्रतिध्वनीचा किती भाग पुन्हा फिरतो) ३५ ते ४५ टक्के. परतणारा आवाज खालून २५० हर्ट्झच्या आसपास आणि वरून ३-४ किलोहर्ट्झवर कापा, नाहीतर प्रतिध्वनी पुढच्या ओळीवर चढून बसतो. वेळेचा हिशेब तोंडपाठ हवा: ६०,००० ला लयीनं भागा. ७५ ला एक मात्रा ८०० मिलिसेकंद, डॉटेड आठवा भाग ६००. ९० ला डॉटेड आठवा नेमका ५००. प्रोजेक्ट १५० वर लावलेला असेल तर प्लगइनमधलं तेच चिन्ह निम्मा वेळ देईल. डिले ‘घाईत’ वाटतोय अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा कारण एवढंच.

स्प्रिंग रिव्हर्ब क्रॉस-स्टिकला द्या, गिटारच्या एखाद्या ठोक्याला द्या. किकला देऊ नका.

गाणं आणि रॅप एकाच मांडणीत रेकॉर्ड करणं

एकच व्यक्ती गाते आणि रॅपही करते, म्हणून एकच माइक, तेच अंतर, तोच गेन. मग कडवं पातळ वाटतं आणि ध्रुवपद फाटतं. गाण्याला कंडेन्सर, १५ ते २० सेंटिमीटर अंतर, मध्ये पॉप फिल्टर. रॅपला ८ ते १२ सेंटिमीटर, आणि खोली घुमत असेल तर सरळ डायनॅमिक माइक. रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये, शिखरं उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान. २४ बिटमध्ये काटा लालपर्यंत नेण्याची काहीच गरज नसते, तरी लोक नेतात.

त्या दिवशी आधी गाणं, मग रॅप. रॅपनं गळा खरखरीत झाल्यावर सोलची वरची हरकत स्वच्छ येत नाही. पट्टी आधी ठरवा. गाणं तीन पट्ट्यांमध्ये म्हणून बघा आणि ज्यात ध्रुवपदाचा सर्वोच्च सूर ताणून पण न ओरडता लागतो ती घ्या. बीट ज्या पट्टीत मिळाला त्याच पट्टीत गळा बसवणं हा आळस आहे, आणि तो ऐकू येतो.

ट्यूनिंग प्लगइन कमाल वेगावर ठेवून सोल गाऊ नका. सोलचा जीव सुराकडे खालून सरकत जाण्यात असतो, आणि ते प्लगइन नेमकं तेच सरळ करून टाकतं. चार-पाच पूर्ण टेक घ्या, वाक्यावाक्यानं उत्तम तुकडे निवडा आणि जो सूर खरंच खटकतो तेवढाच हातानं हलवा. श्वास कापू नका.

रॅपची डबलिंग प्रत्येक ओळीवर नको. यमकाचे शब्द आणि शेवटची दोन-तीन अक्षरं पुरतात. कोरस मात्र कंजुषी न करता करा: तीन स्वर, प्रत्येक दोनदा, एक डावीकडे एक उजवीकडे. ‘स’ आणि ‘त’सारखी टोकदार व्यंजनं मुख्य आवाजानंच स्पष्ट म्हणावीत, बाकीच्यांनी गिळावीत. नाहीतर सहा जण सहा वेळा फिस्कारतात आणि डी-एसर (‘स’कार दाबणारं साधन) लावून सगळंच बोबडं होतं.

कॉम्प्रेशन (मोठे आवाज दाबून पातळी सारखी करणं) दोन पायऱ्यांत: आधी जलद, शिखरांवरून ३ ते ५ डेसिबल, मग संथ, आणखी २-३. एकाच कॉम्प्रेसरकडून १० डेसिबल काढून घेतलेला आवाज थकल्यासारखा येतो.

उसना जमैकन उच्चार

नको. रेगे गायला पॅट्वा (जमैकाची बोली) बोलावं लागत नाही. ज्या भाषेत भांडता, त्या भाषेत गा.

‘दोन सेकंदांच्या सॅम्पलला परवानगी लागत नाही’

ही अफवा मरायला तयार नाही. सहा सेकंद, चार बार, सूर बदलला तर चालतं, अशा तिच्या वेगवेगळ्या आवृत्त्या फिरतात. अमेरिकेत १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीविरुद्धच्या खटल्यात न्यायालयानं विनापरवाना सॅम्पल असलेल्या रेकॉर्डची विक्रीच थांबवली. २००५ च्या ब्रिजपोर्ट खटल्यात वादाचा तुकडा होता गिटारचा, दोन सेकंदांचा, सूर खाली उतरवलेला. निकालाचा मथितार्थ असा की परवाना घ्या, नाहीतर सॅम्पल करू नका. २०१६ मध्ये दुसऱ्या एका अपिली न्यायालयानं याच्या उलट भूमिका घेतली, म्हणजे कोणत्या न्यायालयात उभे राहाल त्यावर उत्तर अवलंबून. पहिल्या अल्बमचं बजेट यावर लावायचं नसतं.

हक्क दोन असतात: ध्वनिमुद्रणाचा आणि मूळ रचनेचा. सॅम्पल घेतलात तर दोन्हींची परवानगी लागते. तोच तुकडा स्वतः नव्यानं वाजवून रेकॉर्ड केलात तर ध्वनिमुद्रणाचा हक्क सुटतो, रचनेचा सुटत नाही. ‘रिडिम (गाण्याखालचा बेस-ड्रमचा तयार ट्रॅक) काय, सगळ्यांचाच असतो’ हेही इथं चालत नाही. एकाच रिडिमवर पन्नास गायक गातात हे खरं, पण त्या रिडिमला मालक असतो.

आणि परवान्याची भाषा वाचा. डे ला सोल या हिप-हॉप गटाचा १९८९ चा पहिला अल्बम सॅम्पलच्या हक्कांच्या गुंत्यात अडकून थेट ३ मार्च २०२३ ला स्ट्रीमिंगवर आला. जुने करार लिहिले गेले तेव्हा स्ट्रीमिंग कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तेव्हा करारात ‘सध्याची व भविष्यातील सर्व माध्यमं’ असे शब्द आहेत का, ते आधी पाहा.

ऑनलाइन विकत घेतलेल्या बीटचंही तसंच. ‘लीज’ म्हणजे मालकी नव्हे. बहुतेक लीजमध्ये स्ट्रीमची मर्यादा असते, कंटेंट आयडीत (यूट्यूबची गाणी आपोआप ओळखणारी यंत्रणा) नोंदणी करायला मनाई असते, आणि तोच बीट दुसऱ्यालाही विकलेला असू शकतो. अल्बमचं मुख्य गाणं लीजच्या बीटवर उभं करू नका. एक तर एक्स्क्लूझिव्ह घ्या, नाहीतर त्या लयीत स्वतःचं नवं काही वाजवून घ्या. सॅम्पल पॅकमधला लूप जसाच्या तसा वापरला तरी तोच त्रास: परवाना असतो, पण तोच लूप आणखी शंभर गाण्यांत असतो आणि गाणी ओळखणारी यंत्रणा तुम्हालाच चोर ठरवते.

श्रेयाचा कागद ‘नंतर बघू’

सोलो अल्बम म्हणजे एकट्यानं केलेला अल्बम नव्हे. मुखपृष्ठावर एक नाव असतं, खोलीत आठ जण असतात. या तिन्ही शैली एकत्र आणणारा सर्वांत गाजलेला पहिला सोलो अल्बम म्हणजे लॉरिन हिलचा १९९८ चा ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’. त्याचा काही भाग किंग्स्टनच्या टफ गाँग स्टुडिओत रेकॉर्ड झाला, आणि १९९९ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. त्याच अल्बमवर काम केलेल्या ‘न्यू आर्क’ या चौघांच्या गटानं १९९८ मध्येच न्यायालयात धाव घेतली होती. लेखनाचं आणि निर्मितीचं पुरेसं श्रेय मिळालं नाही, असा त्यांचा दावा होता. प्रकरण २००१ मध्ये न्यायालयाबाहेर मिटलं. बरोबर कोण होतं, हा इथला मुद्दाच नाही. एका खोलीत बसून सुचलेल्या ओळी आणि सुरावटी कुणाच्या, हे महिन्यांनंतर आठवणीतून ठरवावं लागलं की मित्रसुद्धा वकील शोधतात.

त्यामुळे त्या दिवसाचं सेशन संपलं की कुणीही घरी जायच्या आधी कागद. गाण्याचं कामचलाऊ नाव, तारीख, प्रत्येकाचं कायदेशीर नाव, काय केलं (शब्द, चाल, बीट, वादन), रचनेतला वाटा टक्क्यांत, आयपीआय क्रमांक (गीतकार-संगीतकारांचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) असल्यास तो, आणि सह्या. टक्क्यांची बेरीज शंभर. हसू नका, ती नव्वद किंवा एकशे दहा भरलेले कागद असतात. ध्वनिमुद्रणाचा वाटा वेगळा लिहा, तो रचनेच्या वाट्यात मिसळू नका. नुसतं मानधन घेऊन वाजवणाऱ्याकडून तसं लेखी घ्या, तेही वाजवायच्या आधी.

इथं रेगेची एक खास अडचण येते. बहुतेक पॉप गाण्यांत बेस ही साथ असते. रेगेत लोक गाणं ओळखतात ते अनेकदा बेसच्या ओळीवरून. म्हणून बेसवाल्यानं रचनेत वाटा मागितला तर त्याला लोभी म्हणायची घाई करू नका. ती ओळ त्यानं रचली की तुम्ही गुणगुणून दाखवली, एवढंच विचारा आणि लिहून ठेवा. फोनवर सुरुवातीपासून रेकॉर्डिंग चालू ठेवलं असेल तर हा प्रश्न दोन मिनिटांत सुटतो.

थोडक्यात उरकायच्या

स्किट आणि इंटरल्यूड मिनिटाच्या आत संपवा. दुसऱ्यांदा ऐकताना कुणालाच त्यांत रस नसतो.

पाहुणे कलाकार दोन, फार तर तीन. पाचवा पाहुणा आला की अल्बम कुणाचा ते कळेनासं होतं.

गाण्यांचा क्रम लावताना नुसती लय बघू नका, पट्टीही बघा. ६८ च्या सोल बॅलडनंतर ९४ चं रॅप चालतं, पण दोघांच्या पट्ट्या अर्ध्या सुरानं शेजारी असतील तर दुसरं गाणं बेसूर सुरू झाल्यासारखं वाटतं.

मास्टर कडक करून स्पर्धा जिंकता येत नाही. स्पॉटिफाय सर्वसाधारणपणे उणे १४ एलयूएफएसला (गाण्याचा सरासरी मोठेपणा मोजायचं एकक) आवाज आणून ठेवतं. ट्रू पीक (आवाजाचं खरं शिखर) उणे १ डेसिबलवर रोखा. उणे ७ पर्यंत चेपलेला वन ड्रॉप तिथं नुसता सपाट ऐकू येतो, कारण त्यातली शांतताही तुम्ही भरून काढलेली असते.

व्हायनिल काढणार असाल तर ३३ च्या वेगाला एका बाजूला १८ ते २२ मिनिटं धरा, खालचा बेस मोनो ठेवा आणि आतल्या बाजूचं शेवटचं गाणं शांत घ्या. तिथं खणखणीत हॅट आणि ‘स’कार फाटतात.

तारीख आधी, अल्बम नंतर

मास्टर हातात नसताना प्रकाशनाची तारीख जाहीर करणाऱ्यांची शेवटच्या आठवड्यातली धावपळ बघवत नाही. स्पॉटिफायच्या संपादकांपुढे गाणं ठेवायचं तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी ते यंत्रणेत पोहोचलेलं हवं, आणि सातव्या दिवशी पोहोचलेल्याला फारशी आशा नसते. चार आठवडे हातात ठेवा.

प्रत्येक रेकॉर्डिंगला स्वतःचा आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) लागतो, बारा अक्षर-अंकांचा. स्किटलाही. शिव्या काढलेली आवृत्ती म्हणजे वेगळं रेकॉर्डिंग, तिला वेगळा क्रमांक. तोच वापरला तर दोन गाण्यांचे हिशेब एकमेकांत शिरतात, आणि ते निस्तरायला वितरकाशी होणारा पत्रव्यवहार लांबत जातो. ज्या दिवशी मिक्स मंजूर होईल त्याच दिवशी शिव्या काढलेली आवृत्ती, इन्स्ट्रुमेंटल, अकापेला (नुसता गळ्याचा आवाज) आणि सगळे स्टेम्स (वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक) फाइलमध्ये बाऊन्स करून दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर ठेवा. कुणाला रीमिक्ससाठी अकापेला हवं होतं म्हणून वर्षभरानं प्रोजेक्ट उघडला, तर निम्मे प्लगइन परवाना संपल्याचं सांगतात आणि उरलेल्यांची नवी आवृत्ती जुनं सेटिंग ओळखत नाही.